व्हिडिओ बंद केला की हात का थांबतो?

तुम्ही लिहिलंय की गेले आठ महिने रोज रात्री दोन-दोन तास फोटोशॉप आणि लाइटरूम या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघताय. बघताना सगळं कळतं. व्हिडिओ शेजारी लावून करत गेलं की तसंच्या तसं जमतंही. पण वडिलांच्या स्टुडिओतलं लग्नाचं फोल्डर उघडलं की पहिल्याच फोटोवर हात थांबतो, सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. पैसे भरून क्लास लावावा का, कोणते व्हिडिओ बघावेत, कोणत्या क्रमानं शिकावं आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेल का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. चारही उत्तरं देतो, पण आधी हात का थांबतो ते बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मी कोल्हापुरात २००१ साली एका कलर लॅबमध्ये कामाला लागलो. यूट्यूब यायला अजून चार वर्षं होती. लॅबमध्ये आमचे एक वयस्कर उस्ताद होते. त्यांची उभी हयात निगेटिव्हवर कडक शिसाच्या पेन्सिलीनं रिटचिंग करण्यात गेली होती आणि कॉम्प्युटर त्यांनी पन्नाशीनंतर हातात घेतला. मी काही विचारायला गेलो की ते माऊसला हातच लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "आधी सांग, फोटोला काय झालंय?" मी म्हणायचो, फोटो डल आहे. "डल म्हणजे काय? काळा काळा दिसत नाही, का पांढरा पांढरा दिसत नाही, का चेहऱ्यावर उजेड नाही?" त्याचं उत्तर येईपर्यंत पुढं सरकायचं नाही.

व्हिडिओत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा निदान आधीच झालेलं असतं. शिकवणाऱ्यानं शंभर फोटोंतून आपल्याला शिकवायच्या गोष्टीला साजेल असा एक फोटो निवडलेला असतो, रेकॉर्डिंगच्या आधी दोन-तीनदा करून बघितलेलं असतं, आणि आपल्यासमोर येतं ते फक्त औषध. कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेघ) इथं धरा, इतका वर ओढा, हा लेअर (फोटोवरचा वेगळा थर) सॉफ्ट लाइटवर टाका. आठ महिने तुम्ही दुसऱ्यांच्या पेशंटची चिठ्ठी पाठ करताय. ती पाठ झाली आहे, यात शंका नाही. पण स्वतःचा फोटो उघडला की पहिला प्रश्न "फोटोला काय झालंय" हा येतो आणि त्याचा सराव एक दिवसही झालेला नाही. हात तिथं थांबतो.

तुमच्याच फोल्डरमधला हळदीचा एखादा फोटो घेऊ. आपल्याकडं हळद बहुतेक दारातच, मांडवाखाली, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. वर पिवळं नाहीतर केशरी कापड, त्यातून गाळून आलेलं ऊन. नवरीच्या अंगावर पिवळी साडी, गालाला हळद, मागं झेंडूच्या माळा. कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा कॅमेरा स्वतःच अंदाजानं काढतो. आता "सिनेमॅटिक लूक" शिकवणारा कुठलाही व्हिडिओ लावा. त्यात साधारण असं सांगितलेलं असतं: ऑरेंजचा ल्युमिनन्स (उजळपणा) २० नं वाढवा म्हणजे त्वचा उजळेल, यलोचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ४० नं कमी करा म्हणजे मागची झाडी शांत होईल. त्याच्या फोटोत हे चपखल बसतं, कारण तिथं पिवळं म्हणजे गवत आणि पानं. आपल्या डोळ्याला हिरवी वाटणारी बरीचशी झाडी लाइटरूमच्या हिशेबात यलोमध्येच मोडते, म्हणून तो यलो खाली ओढतो. तुमच्या फोटोत पिवळं म्हणजे हळद, साडी आणि अर्धा मांडव. तोच आकडा लावलात तर नवरीच्या गालावर हळदीऐवजी राख फासल्यासारखी दिसेल. ऑरेंज उजळलात तर झेंडू फिका पडेल, आणि त्वचा उजळायच्या ऐवजी पिठूळ होईल. शिकवणारा चुकलेला नाही आणि तुम्हीही चुकलेले नाही. तो आकडा त्या फोटोचा होता, एवढंच.

आता उस्तादांचा प्रश्न विचारा. या फोटोला काय झालंय? पिवळा झालाय. कुठला पिवळा? या फोटोत दोन पिवळे आहेत: एक हळदीचा, जो असायलाच पाहिजे, आणि एक मांडवाच्या कापडातून आलेल्या उजेडाचा, जो सगळ्यांवर सारखा पडलाय. दुसरा काढायचा आणि पहिल्याला धक्का लावायचा नाही. एकदा हे शब्दांत सांगता आलं की साधन आपोआप सुचतं. उजेडाचा रंग सगळ्या फोटोवर आहे, म्हणजे तो व्हाइट बॅलन्सनं काढायचा. एकेका रंगाच्या स्लायडरनं तो काढायला जाऊ नका. ड्रॉपर (ज्यावर टेकवाल त्याला रंगहीन धरणारं साधन) टेकवायला त्याच कापडाखालची रंगहीन वस्तू शोधा. स्टीलचं ताट चालेल, पण त्यात पिवळ्या साडीचं प्रतिबिंब पडलेलं नाही ना ते बघा. मामांच्या धोतरावर किंवा टोपीवर टेकवताना जपून. आपल्याकडं पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते, त्यामुळे तो कपडा मुळातच किंचित निळसर असतो. सॉफ्टवेअर त्यालाच पांढरा धरतं, ती निळाई मारायला पिवळा वाढवतं, आणि काढायला गेलेला पिवळा परत येतो.

एवढं झाल्यावर फोटोशॉपमधल्या चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये (तिथं फोटो लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा दिसतो) जा आणि फक्त ब्लू चॅनेल दाखवा. हळद लागलेली जागा काळीठिक्कर दिसेल. पिवळ्याचं तसंच असतं, त्यात निळा जवळजवळ नसतो. त्या जागी कर्सर नेऊन इन्फो पॅनेलमध्ये आकडा बघा. ब्लू २० किंवा ३० असेल तर ठीक, अजून जीव आहे. सरसकट शून्य असेल तर निळ्या चॅनेलमधला तिथला तपशील गेलेला आहे. जेपीईजीमध्ये तो कुठल्याही व्हिडिओतल्या कुठल्याही युक्तीनं परत येणार नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता ठेवलेली मूळ नोंद) असेल तर पुष्कळदा परत येतो, कारण जेपीईजीत प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४. व्हिडिओत शिकवणारे जवळजवळ सगळे रॉवर काम करतात आणि तसं सांगायचं विसरतात. वडील कार्डावर जागा वाचवायला जेपीईजी काढत असतील, तर निदान हळद आणि रात्रीचं रिसेप्शन तरी रॉमध्ये काढायला सांगा. आठ महिन्यांत न जमलेल्या काही गोष्टी तेवढ्यानंच जमतील.

त्वचेसाठी एक साधा ठोकताळा हाताशी ठेवा. गोरा असो वा सावळा, साध्या उजेडात आपल्याकडच्या कपाळावर कर्सर नेला की रेड सगळ्यांत जास्त, मग ग्रीन, मग ब्लू, असाच क्रम दिसतो. ब्लू ग्रीनच्या वर गेला तर चेहरा जांभळट झालाय, ग्रीन रेडच्या बरोबरीला आला तर आजारी दिसतोय. लग्नाच्या हॉलमधल्या एलईडीच्या उजेडात हे दोन्ही एकाच फोटोत सापडतं. परदेशी व्हिडिओत ज्या त्वचेवर शिकवतात ती गुलाबीकडं झुकणारी असते. त्यांचा प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेले आकडे) आपल्या माणसांवर टाकला की चेहरे तांब्याच्या भांड्यासारखे होतात, आणि मग ते दडपायला अजून एक प्रीसेट लागतो. गिऱ्हाईक "जरा गोरं करा" म्हणेल, ते तुम्हाला नवीन नसणार. मी त्वचेचा रंग बदलत नाही, चेहऱ्यावर उजेड आणतो. कर्व्हनं चेहऱ्याचे मधले टोन थोडे उचलतो, डोळ्यांखालची सावली हलकी करतो, रंग तसाच ठेवतो. प्रिंट हातात दिल्यावर आजवर एकाही सावळ्या मुलीनं तक्रार केलेली नाही.

आकड्यांबद्दल अजून एक उदाहरण देतो, कारण हे फार जणांचं होतं. फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणजे फोटोचे दोन थर करणं: खालच्या थरात रंग आणि सावल्या, वरच्या थरात त्वचेचा पोत, केस, रेषा. खालचा थर गॉशियन ब्लरनं पुसट करायचा, आणि ८ बिट फाइल असेल तर अप्लाय इमेजमध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ टाकून वरच्या थरात फक्त पोत उरवायचा. हे आकडे मात्र पाठ करायचेच आहेत, ते गणिताचे आहेत आणि ८ बिट फाइलला कधी बदलत नाहीत. ब्लरची रेडियस (किती पिक्सेलपर्यंत पुसट करायचं तो आकडा) मात्र दर फोटोला बदलते. व्हिडिओवाला ८ पिक्सेल म्हणतो, कारण त्याच्यासमोर २४ मेगापिक्सेलचा क्लोजअप असतो. त्यात चेहरा दोन-अडीच हजार पिक्सेल रुंद आहे, आठ पिक्सेलात त्वचेचं एखादं रंध्र मावतं. वऱ्हाडातल्या चाळीस जणांच्या ग्रुप फोटोत एकेक चेहरा शे-सव्वाशे पिक्सेलचा असतो. तिथं आठ पिक्सेलात डोळ्याची बाहुली जाते. म्हणून रेडियसचा आकडा लिहून ठेवू नका. "त्वचेची रंध्रं दिसेनाशी होईपर्यंत ब्लर, नाकाची सावली ओळखू येतेय तोवरच थांबा" असं लिहा. हे वाक्य कुठल्याही फोटोला लागू पडतं.

व्हिडिओ बघायचा कसा, ते आता यातूनच निघतं. पहिल्यांदा बघताना सॉफ्टवेअर उघडूच नका. शिकवणारा सुरुवातीचा फोटो दाखवतो तिथं व्हिडिओ थांबवा आणि वहीत लिहा: या फोटोला काय झालंय, मी असतो तर काय केलं असतं. दोन ओळी पुरे. मग पुढं बघा. तुमचं निदान आणि त्याचं निदान जुळलं का, हेच त्या व्हिडिओतलं सर्वांत मोलाचं शिक्षण आहे आणि ते पहिल्या मिनिटात संपतं. पुढं तो जे जे करतो त्यातला आकडा टिपू नका, त्यामागचं कारण टिपा. "लेव्हल्सचा काळा बिंदू आत ओढला, कारण केसांत काळं नव्हतं", असं. कारण सांगितलंच नसेल, तर तो व्हिडिओ तिथंच सोडला तरी काही बिघडत नाही.

मग व्हिडिओ बंद करा. मिनिमाइझ करू नका, बंदच करा. स्वतःचा फोटो उघडा, तसाच आजार असलेला. वही समोर ठेवून करा. कुठंतरी अडणारच. अडलं की दहा मिनिटं तरी धडपड करा, मेनू चाळा, चुकीचं काहीतरी करून बघा. त्यानंतरच व्हिडिओ उघडा आणि जिथं अडलं तेवढाच तुकडा बघा. चार-पाच दिवसांनी वही न बघता तिसऱ्या फोटोवर करा. असं केलं तर एक व्हिडिओ पचायला आठवडा लागतो. आठ महिन्यांत शेकडो व्हिडिओ झालेत तुमचे. या हिशेबानं पुढच्या सहा महिन्यांत पंचवीस होतील, आणि पंचवीस पुरेत. रोजच्या दोन तासांतली वीस मिनिटं बघण्यात आणि बाकीची करण्यात जाऊ द्या. दीडपट वेगानं व्हिडिओ पळवायची सवय असेल तर तीही सोडा. वेग वाढवला की शिकवणाऱ्याचा हात कुठं अडखळला, कुठं त्यानं करून परत मागं घेतलं, तेच नेमकं निसटतं.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. फोटो सरळ करणं, क्रॉप, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि कर्व्ह, यांना पहिला महिना. दुसरा अख्खा महिना लेअर आणि मास्कला. त्यानंतर क्लोन आणि हीलिंग (डाग झाकायची साधनं), मग सिलेक्शन, मग रंग, आणि इफेक्ट सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमानं येतात, कारण इफेक्टचे व्हिडिओ चकचकीत असतात.

मास्कला एक महिना म्हटलं की लोकांना जास्त वाटतं. पण मास्क हाताला बसला की निम्मं फोटोशॉप आलं असं मी मानतो. करायला काय, कर्व्हचा अडजस्टमेंट लेअर टाकायचा, कंट्रोल-आय दाबून त्याचा मास्क काळा करायचा, म्हणजे परिणाम पूर्ण झाकला जातो. मग पांढरा मऊ ब्रश घेऊन जिथं उजेड हवा तिथं घासायचा. पांढरं दाखवतं, काळं लपवतं, करडं अर्धवट दाखवतं. नवखा माणूस ब्रशची ओपॅसिटी शंभर ठेवून चेहऱ्यावर गोल फासतो आणि चेहऱ्याभोवती बल्ब लावल्यासारखं वलय दिसतं. फ्लो (एका हातात किती रंग पडतो तो आकडा) पाच-सहावर आणा आणि दहा-पंधरा हलके हात फिरवा, रांगोळीला रंग भरताना चिमूट सोडतो तसं. झालं की अल्ट दाबून मास्कवर क्लिक करा. फोटोच्या जागी नुसता मास्क दिसेल, काळ्यावर पांढऱ्या ढगासारखा. त्यात ब्रशच्या कडा मोजता आल्या तर परत करा. मी कामाला घेतलेल्या मुलांचे फोटो आधी बघतच नाही, मास्क बघतो.

व्हिडिओची तारीख बघायची सवय लावा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉपनं दोन गोष्टी बदलल्या आणि अजून लोक त्यात अडकतात. त्याआधी कंट्रोल-झेड फक्त एकच पाऊल मागं जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की परत पुढं यायचं. आता ते मागं मागंच जात राहतं. आणि पूर्वी प्रमाण बिघडू न देता लहानमोठं करायला शिफ्ट धरायला लागायचं, आता न धरताच प्रमाण राहतं आणि शिफ्ट धरलं की बिघडतं. जुन्या व्हिडिओतलं ऐकून शिफ्ट धरून नवरा-नवरीला जाडं केलेले अल्बम मी डोळ्यांनी पाहिलेत. लाइटरूमच्या व्हिडिओत रिकव्हरी आणि फिल लाइट असे स्लायडर दिसले तर तो २०१२ च्या आधीचा आहे. केस कापायला रिफाइन एज दाखवत असतील तर २०१६ च्या आधीचा. जुना म्हणून टाकाऊ नाही, विचार तोच असतो, बटण फक्त दुसरीकडं गेलेलं असतं. सॉफ्टवेअरची भाषा मात्र इंग्रजीच ठेवा, म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठलाही व्हिडिओ लावला तरी बटणांची नावं जुळतात.

कोणते व्हिडिओ, तर मी पोरांना उन्मेष दिंडा यांच्या पिक्सिम्परफेक्ट या यूट्यूब चॅनेलचे लावून देतो. ते आपल्याच देशातले आहेत, इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे एखादी गोष्ट तशीच का करायची ते थांबून समजावतात. एका विषयाला एकच शिक्षक धरा. मास्क एकाकडून अर्धा आणि दुसऱ्याकडून अर्धा शिकलात तर दोघांच्या सवयी एकमेकींशी भांडतात. ज्या व्हिडिओच्या नावात "एका क्लिकमध्ये" आहे तो सोडून द्या. डाउनलोड करायला फुकट अॅक्शन (ठरलेल्या पायऱ्या आपोआप चालवणाऱ्या फाइली) आणि प्रीसेटची झिप फाइल देणारे व्हिडिओही सोडा. त्यांतल्या काही फाइलींबरोबर लॅपटॉपमध्ये काय शिरेल सांगता येत नाही, आणि क्रॅक केलेल्या फोटोशॉपचंही तेच. महिन्याचे पैसे परवडत नसतील तर गिंप (फोटोशॉपसारखं) आणि डार्कटेबल (लाइटरूमसारखं) पूर्ण मोफत आहेत. गिंपच्या २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर मूळ फोटोला धक्का न लावता टाकता येतात, ती मोठी उणीव भरून निघाली. कर्व्ह, मास्क, क्लोन, ब्लेंड मोड हे सगळीकडं तेच आहेत.

क्लासचं सांगतो. मी २००४ मध्ये पगारातून साठवलेले पैसे भरून एका मोठ्या शहरात तीन महिन्यांचा क्लास केला. तिथं टूलबॉक्समधली साधनं वरून खाली एकेक करून शिकवली. पहिल्या आठवड्यात मार्की, दुसऱ्यात लॅसो. शेवटपर्यंत एकदाही कुणी माझा फोटो उघडून बघितला नाही. ते पैसे गेल्याचं दुःख मला फार दिवस होतं. म्हणून क्लास लावण्याआधी एकच विचारा: दर आठवड्याला माझा फोटो माझ्यासमोर उघडून चूक दाखवणार का? हो म्हणाले तर पैसे द्या, कारण तेवढी एक गोष्ट व्हिडिओ कधीच देऊ शकत नाही. नाही म्हणाले तर तेच व्हिडिओत फुकट मिळतंय. तुम्ही अल्बम ज्या लॅबला पाठवता तिथल्या ऑपरेटरशी ओळख वाढवा. तो दिवसाला शेकडो फोटो प्रिंटला जाताना बघतो. "दादा, माझ्या शीट्समध्ये नेहमी काय चुकतं?" असं विचारलंत तर पाच मिनिटांत तो जे सांगेल ते कामाचं असेल.

लॅपटॉप पुरेल, थोडी शिस्त पाळली तर. बारा बाय छत्तीस इंचांची अल्बम शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ८ बिटमध्ये एका भरलेल्या लेअरला साधारण ११७ एमबी. दहा-बारा फोटो, बॅकग्राउंड, फुलं, अक्षरं असं टाकत गेलं की आठ जीबी केव्हाच संपते. वर ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असेल तर विचारूच नका. म्हणजे व्हिडिओ बंद करून काम करा, हे लॅपटॉपलाही हवंच आहे. फोटो आधी वेगवेगळे दुरुस्त करून घ्या, शीटवर तयार फोटोच आणा. पुढं पैसे येतील तेव्हा रॅम सोळा करा आणि एसएसडी टाका.

पैसे मात्र आधी स्क्रीनकडं वळवा. लॅपटॉपची स्क्रीन थोडी मागंपुढं कलली की फोटो कधी उजळ दिसतो, कधी काळवंडतो, आणि रात्री पिवळी छटा देणारा नाइट मोड चालू राहिला तर सगळ्या लग्नाचे रंग बिघडतात. स्क्रीनचे रंग मोजून लावणारं महागडं कॅलिब्रेटर नसेल तर लॅबकडून एक आठ बाय बाराचा प्रिंट मागवा, ज्यात चेहरा आहे, पांढरा शर्ट आहे, काळे केस आहेत. दिवसा खिडकीजवळ तो प्रिंट हातात धरून स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करत आणा, दोन्ही सारखे वाटेपर्यंत. बहुतेक लॅपटॉपवर तो निम्म्याच्या आसपास येतो. तिथं टेपचा तुकडा लावून आकडा लिहा आणि एडिटिंग करताना तोच ठेवा. "प्रिंट काळे आले" ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा इथंच मिटते.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, तुम्ही विचारलेली नसली तरी. २००९ च्या सुमारास राधानगरीकडचे एक गृहस्थ त्यांच्या वारलेल्या आईचा जुना काळापांढरा फोटो घेऊन आले. दुमडलेला, एका बाजूनं ओल लागलेली, कपाळावरून भेग गेलेली. त्या वेळी मी नुकताच जुने फोटो दुरुस्त करण्याचा एक परदेशी व्हिडिओ शिकलो होतो आणि त्यातल्या पायऱ्या तंतोतंत केल्या. डाग काढा, ठिपके काढा, भेग भरा, त्वचा एकसारखी करा. फोटो स्वच्छ झाला. ते गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण आईच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं ओ?"

दोन भुवयांच्या मध्ये तीन ठिपके होते आणि हनुवटीवर एक. मी ते डाग म्हणून पुसले होते. व्हिडिओतल्या बाईच्या कपाळावर गोंदण नव्हतं, तर त्या शिकवणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? पण मला ठाऊक होतं, माझ्या आजीच्या कपाळावर तसंच होतं. पायऱ्या पार पाडण्याच्या नादात मी फोटोकडं बघायचं विसरलो. मूळ स्कॅन वेगळ्या लेअरवर जपलेला होता म्हणून गोंदण परत आणता आलं. तेव्हापासून जुना फोटो घेताना मी आधी घरच्यांना बसवून विचारतो: चेहऱ्यावर तीळ कुठं होता, गोंदण कुठं होतं, दागिना कुठला, कुंकू केवढं लावायच्या. ते एका कागदावर लिहून फोटोच्या पाकिटाला टाचतो.

आता हे जास्तच महत्त्वाचं झालंय. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल, म्हणजे निवडलेली जागा एआयनं नव्यानं भरून देणारं साधन, आलं आणि मांडवामागची वायर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्येच घुसलेला हात काढायला मी ते रोज वापरतो. तासाचं काम मिनिटात होतं, जरूर शिका. पण चेहऱ्याला ते लावू नका. जुन्या पुसट चेहऱ्यावर असं काही चालवलं की चेहरा स्वच्छ येतो, सुंदरही येतो, आणि तो त्या माणसाचा नसतो. गेलेल्या माणसाचा तो एकच फोटो असेल, तर घरातल्या पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटणार आहे.

शेवटी तुमच्या वडिलांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते फिल्मच्या काळातले आहेत आणि त्यांना "यातलं काही कळत नाही". फोटोशॉपमधलं डॉज टूलचं चित्र नीट बघा. काडीला लावलेली गोल चकती आहे ती. बर्नचं चित्र म्हणजे मुठीसारखा वळवलेला हात. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कागदावर उजेड पडत असताना एखादा भाग उजळ ठेवायचा तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर हलवत धरायची, आणि एखादा भाग गडद करायचा तर दोन्ही हातांनी बाकीचा उजेड अडवून तेवढीच फट ठेवायची. अनशार्प मास्कसुद्धा डार्करूममधूनच आलंय. निगेटिव्हचीच एक पुसट पॉझिटिव्ह काढून ती मूळ निगेटिव्हला जोडायचे आणि त्यावरून प्रिंट काढायचे. वडिलांनी काळ्यापांढऱ्याच्या काळात हातानं प्रिंट काढले असतील तर चकती आणि हाताचं हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं असणार. फोटोला काय झालंय ते ओळखल्याशिवाय त्यांनी एकही कागद डेव्हलपरमध्ये टाकला नसेल, कारण कागद महाग होता.

तुमच्या फोल्डरमधले दहा फोटो साध्या कागदावर मोठे छापून घ्या आणि रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर ठेवा. हातात लाल पेन द्या. कुठं उजेड हवा तिथं गोल करायला सांगा आणि कुठं नको तिथं काट मारायला. मग ते दहा कागद लॅपटॉपशेजारी लावा आणि कर्व्ह आणि मास्क, या दोनच गोष्टी वापरून त्यांनी खूण केलेलं सगळं करा. या महिन्यात एवढंच करा. नवीन व्हिडिओ पुढच्या महिन्यात.